खिळ्यावरचे दोन बिल्ले

गिरणीचा राजीनामा मी उभ्याउभ्या लिहिला. मुकादमाच्या ओसरीत, त्याच्याच दौतीतल्या शाईनं. मुकादमानं कागद दोनदा वाचला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून आलो आहे.

"अबे, लोक हातापाया पडून कामावर लागून राहिले, अन् तू सोडून राहिला? घरी जा. दोन दिवस झोप काढ. मंग लिवजो."

मी म्हटलं, "झोपच काढून राहिलो मुकादम, इतके दिवस."

हे खरं होतं. बायको गेल्यापासून मी जागा होतो, जेवत होतो, आल्यागेल्याशी बोलत होतो, पण सगळं झोपेत चालल्यासारखं. लोक येऊन सांगत, "रड गा, मोकळा हो." मला त्यांचा राग येई. रडू काही दुकानात मिळत नाही की आणा-दोन आणे टाकून घेऊन यावं. आतून काही येतच नव्हतं, तर काय करणार? एक म्हातारी तर माझ्यासमोर बसून स्वतःच रडली, मी रडावं म्हणून. मी तिला पाणी आणून दिलं.

राजीनामा द्यायचं कारण मात्र झोपेतलं नव्हतं. कारण माझी सात वर्षांची पोर होती.

बायको आणि मी एकाच गिरणीत होतो. मी विणाईत, ती सूत रिळांवर भरायच्या रिळखात्यात. तिथं सगळ्या बायकाच. त्या काळी नागपुरात नवराबायको दोघं भोंग्याबरोबर घराबाहेर पडतात याचं कुणाला नवल वाटत नसे. आमचं घराणं विणकरांचं. बापाचा हातमाग होता, नागपुरी लुगडी विणायचा. गिरणीच्या कापडापुढे त्याच्या लुगड्याला कुणी विचारेना, तेव्हा त्यानं माग विकला आणि मला त्याच गिरणीत नेऊन उभं केलं. जिनं घर बुडवलं तिच्याच दारात चाकरी. पण पोट असले हिशेब ठेवत नाही.

गिरणीत प्रत्येकाला पितळेचा एक गोल बिल्ला असे. त्यावर खात्याची खूण आणि नंबर. सकाळी फाटकातून आत शिरताना तो पेटीत टाकायचा, सुटताना टाइमकीपर परत देई. बिल्ला नसेल तर दरवान आत सोडत नसे, मग तुम्ही मॅनेजरसाहेबांचे जावई का असेना. घरी आमचे दोन्ही बिल्ले दाराच्या चौकटीवर दोन खिळ्यांना टांगलेले असत. दसऱ्याला लोक हत्यारांची पूजा करतात. आमच्याकडे हे दोन बिल्ले पाटावर बसत, झेंडूचं फूल डोक्यावर घेऊन. बायको ते चिंच लावून घासायची. इतकं घासायची की वर्षांमागून वर्षं नंबर झिजत गेले आणि दोन्ही बिल्ले लांबून सारखेच दिसू लागले.

एकदा ती बिल्ला घरीच विसरली. दरवानानं फाटकावरून परत पाठवली. दिवसाची मजुरी बुडाली म्हणून ती चिडून घरी आली, पण पोर दारातच तिच्या कमरेला बिलगली. मग तिचा राग गेला. त्या दिवशी तिनं पोरीची वेणी घातली, पुरणपोळी केली, दुपारी दोघी झोपल्या. मी संध्याकाळी आलो तर पोर मला ओरडून सांगत होती, "बाबा, मायले आत नाही घेतलं! माय परत आली!" पोरीचा तो दिवस सणासारखा गेला.

मग त्या उन्हाळ्यात बायकोला ताप आला. वैद्य झाला, दवाखाना झाला. चौथ्या दिवशी ती गेली. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही, कारण त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते भलतंच. कोपऱ्यातल्या माठाला पाझर फुटला होता आणि खालची जमीन ओली होती. शेजारीण पोरीला मांडीवर घेऊन सांगत होती, माय देवाच्या घरी गेली.

पोरीनं विचारलं, "देवाच्या घरी दरवान असते काय?"

शेजारीण रडता रडता म्हणाली, "असते ना वं. मोठा असते."

दहाव्याच्या आदल्या सकाळी अस्थींचं गाठोडं बांधायला बसलो. अस्थी कन्हान नदीत सोडायच्या होत्या, कामठीजवळ. सासूचं घर कामठीतच, म्हणून तिथूनच पुढचे दिवस करायचे ठरलं होतं. शेजारणींनी गाठोड्यात बायकोची फणी आणि करंडा ठेवला. तेव्हा मला बिल्ल्याची आठवण झाली. कामगार गेला की बिल्ला गिरणीला परत द्यायचा असतो. मला एकाएकी गिरणीचाच राग आला. जी बाई इतकी वर्षं तो बिल्ला पदराच्या गाठीला बांधून हिंडली, तिच्यासोबत तो जाऊ दे. गिरणीला हवा असेल तर साहेबांनी धोतर खोचून कन्हानमध्ये उतरावं आणि शोधावा.

माझे हात राखेचे होते. पोर दारात उभी होती. मी म्हटलं, "मायचा बिल्ला काढ बरं खिळ्यावरून. आण इकडं."

ती पाटावर चढली. जरा वेळ उभी राहिली. मग बिल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. मी न पाहताच गाठोड्यात सरकवला आणि गाठ मारली.

कन्हानवर पाणी उन्हाळ्यातलं, गुडघाभर. गाठोडं सोडलं तेव्हा ते लगेच वाहून गेलं नाही, एका दगडाला अडलं. मला आत उतरून ते पायानं पुढे ढकलावं लागलं. तेव्हाही मला काही वाटलं नाही. पाय गार झाले, एवढंच.

तेरावा झाल्यावर मी पोरीला घेऊन नागपूरला निघालो, तर सासू दारात आडवी उभी राहिली. आमच्यात सासूला मामी म्हणतात. बाई स्वभावानं वाईट नव्हती. तिची एकुलती एक लेक गेली होती आणि डोळ्यांना धार लागलेली होती, पण बोलणं सरळ.

"जवाईबापू, पोरीले घेऊन जासान तं ठेवसान कोनापाशी? तुमी भोंग्यासंग जासान, भोंग्यासंग येसान. दिवसभर पोरगी कोनाच्या दारात बसन?"

मी म्हटलं, "शेजारीन पायते."

"शेजारीन दोन दिवस पायन. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात झाडू देईन." तिनं पदरानं डोळे पुसले. "घरात बसून काम करनारा मानूस असन तं पोर घेऊन जा. नाही तं राहू द्या माह्यापाशी. तिचा मामा तिले वाढवन, लगन लावून देईन. मंग तुमी दुसरी करा, नोका करू, तुमची मर्जी."

यात चूक काढायला जागा नव्हती. म्हणूनच मला तिचा जास्त राग आला. मी म्हटलं, "मी घरीच राहतो मामी. माग टाकतो घरात."

"माग कायच्यानं टाकसान?"

"फंडानं."

फंड म्हणजे गिरणी दर पगारातून थोडे पैसे कापून ठेवी, त्यात आपल्या पदरचे थोडे घाली, आणि माणूस सोडून गेला की एकरकमी हातात देई. आम्ही त्याला म्हातारपणाची काठी म्हणायचो. बहुतेकांना ती काठी मिळेपर्यंत पायच राहिलेले नसत, हा भाग वेगळा. माझे पाय शाबूत होते. फंड आला तर माग उभा राहील, माग उभा राहिला तर मी घरी राहीन, मी घरी राहिलो तर पोर माझी. नाही तर पोर मामाची. एवढं सरळ गणित होतं. सासूनं दसऱ्यापर्यंत थांबायचं कबूल केलं, तोवर पोर कामठीलाच. मी गिरणीत परत पाऊल न टाकता मुकादमाकडे जाऊन राजीनामा लिहिला तो असा.

फंडाचं बोलावणं आलं तेव्हा पावसाळा लागून गेला होता. घरात एकटाच होतो. खिळ्यावर उरलेला बिल्ला काढून खिशात टाकला आणि गिरणीच्या कचेरीत गेलो. फाटकातून नाही, बाजूच्या दारानं. सोडून गेलेल्यांना बाजूचं दार.

फंडाची एक खिडकी होती आणि खिडकीत एक बाबू. पुण्याकडचा, शुद्ध बोलणारा, बंद गळ्याच्या कोटातला. आमच्यातले लोक त्याला घाबरायचे, कारण तो कधी ओरडायचा नाही. त्यानं माझा कागद पाहिला, मुकादमाची सही पाहिली, आणि हात पुढे केला. "बिल्ला."

मी बिल्ला दिला. त्यानं तो अंगठ्यानं पुसला, उजेडाकडे धरला, पुन्हा पुसला.

"हा तुझा?"

"हाव साहेब."

"तू रिळखात्यात होतास?"

"नाही जी. मी विणाईत. रिळखात्यात बायाच असते."

"तेच विचारतोय," बाबू म्हणाला आणि बिल्ला माझ्यासमोर सरकवला.

मी पाहिलं. इतक्या वर्षांत मी बायकोचा बिल्ला कधी नीट हातात घेऊन पाहिला नव्हता. पण नंबर झिजलेला असला तरी खात्याची खूण स्वच्छ होती. तो तिचा होता. मग नदीत गेला तो माझा.

मागे रांगेतला कुणीतरी खोकला. मी तिथंच उभा राहिलो. मला वाटलं आता काहीतरी होईल, छातीत कळ येईल, डोळ्यांपुढे अंधारी येईल. काही झालं नाही. खिडकीच्या लाकडाला एक फट गेली होती आणि तीत मुंग्या चालल्या होत्या. मी मुंग्या पाहत राहिलो.

"तुझा कुठे आहे?" बाबूनं विचारलं.

"कन्हानमधी."

"पडला?"

"सोडला. बायकोच्या अस्थींसंग. तिचा म्हनून माहाच गेला."

बाबूनं चष्मा काढला. तो माणूस वाईट नव्हता, हे मला त्या वेळीही कळत होतं. पण नियमाच्या बाहेर चालायची त्याला सवय नव्हती. तो हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, बिल्ला जमा झाला नाही तर माणूस सुटला असं होत नाही. कागदावर तू अजून आत कामाला आहेस."

वा रे न्याय. कागदावर मी गिरणीत, बिल्ल्यानं मी नदीत, आणि देहानं खिडकीपुढे उभा. ना घर का ना घाट का म्हणतात ते याहून वेगळं काय? दुसऱ्या कुणाला झालं असतं तर मी पोट धरून हसलो असतो.

"मंग माहा फंड?"

"मिळेल. पण वेळ लागेल. बिल्ला हरवल्याची पाटी फाटकावर लागेल. तुझ्या मुकादमाला साहेबांपुढे येऊन सांगावं लागेल की हाच तो माणूस. पितळेचे पैसे कापले जातील. मग दिवाळीनंतर पाहू."

दिवाळीनंतर. सासूनं दसऱ्यापर्यंतचा वायदा घेतला होता. मी तसं बोललो नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण बाबूनं आपणहून तिचा बिल्ला पुन्हा उचलला.

"हिचा फंडही पडून आहे. वारस तूच ना?"

मला हे सुचलंच नव्हतं. तिचेही पैसे कापले जात होते, इतकी वर्षं. तिनं कधी त्याचा उल्लेख केला नाही, मी कधी विचारलं नाही.

"मृत्यूचा दाखला आण, मुकादमाला आण. हिचा लगेच होईल. बिल्ला आहेच." मग तो म्हणाला, "पण बिल्ला इथं राहील."

"ठेवा."

"पुन्हा मिळायचा नाही. घासून, नवा नंबर मारून दुसऱ्या बाईला देतात."

"ठेवा, म्हटलं ना साहेब."

त्यानं बिल्ला मागच्या पेटीत टाकला. पितळेवर पितळ वाजलं. घरी जाताना मी इतवारीत थांबून चहा प्यायलो. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण लोकांना वाटतं दुःख म्हणजे छाती बडवणं. माझं दुःख चहा पिऊन, उरलेले पैसे मोजून घेऊन घरी आलं.

दुसऱ्या रविवारी कामठीला गेलो. सासूला सांगणं भाग होतं की माग होतो आहे, फक्त माझ्या फंडाला उशीर आहे. उशीर काहून, तिनं विचारलं. मी सांगून टाकलं. खोटं बोलायलाही अंगात थोडा जीव लागतो.

सासूनं कपाळावर हात मारला. "अवं माय! जित्या मानसाची निशानी मेल्या मानसाच्या गाठोड्यात? जवाईबापू, हे काय करून बसले तुमी? थे तुमाले बोलावून राहिली!"

पोर कोपऱ्यात चिंचोके खेळत होती. मान वर न करता ती एकदम म्हणाली, "नाही बोलावून राहिली."

"तू चूप वं. मोठ्यायच्या मधात बोलू नोको."

"माय नाही बोलावून राहिली बाबाले," पोर पुन्हा म्हणाली, आणि चिंचोके तसेच टाकून परसात पळाली. आम्हाला वाटलं भ्याली.

सासूनं फर्मान काढलं की नदीला नारळ दिल्याशिवाय पोर त्या घरात जाणार नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, पण वाद घालायचीही ताकद नव्हती. नारळ घेतला, कन्हानवर गेलो. आता पाणी दुथडी भरून होतं, गढूळ. मी नारळ हळदकुंकू लावून सोडायला हवा होता. मी तो भिरकावला. माझा बिल्ला घेतलास, तिला घेतलंस, हा पण घे. नदीनं घेतला. तिला नाही म्हणायची सवय नाही.

बायकोचा फंड खरंच लवकर आला. मुकादम साहेबांपुढे उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "हाच तिचा मालक जी. मी दोघायलेही कामावर लावलं व्हतं." परत जाताना तो माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

त्या पैशातून मी लकडगंजातून सागाचं लाकूड आणलं. ओळखीच्या सुतारानं माग उभा केला. घरात खड्डा खणला, कारण आमचा माग खड्ड्याचा. विणणारा काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात, दाबायच्या पावड्यांवर. मागाची फणी आणली, धोटा आणला, कांड्या भरायला राहाट आणला. बापाच्या हाताखाली शिकलेलं सगळं हात विसरले असतील असं वाटलं होतं. हात विसरले नव्हते. पहिल्या दिवशी पट्टी नीट विणली गेली तेव्हा मी थांबून पाहिलं. आता आनंद व्हायला हवा, असं मी स्वतःलाच सांगितलं. बायकोनं मेल्यावर घरात माग आणून दिला होता. बापाचा माग गिरणीनं खाल्ला, आणि गिरणीच्याच पैशानं तो परत घरात उभा होता. पण आत काही हललं नाही. मी पुन्हा धोटा मारला.

दसऱ्याच्या आधी सासू स्वतः नागपूरला आली. मागाभोवती एक फेरी मारली, ताण्याचं सूत बोटांत धरून पाहिलं, चूल पाहिली, पाण्याची घागर पाहिली. मग म्हणाली, "ठीक हाय. घेऊन या पोरीले." आणि दारात बसून रडली. तिचं रडणं संपेपर्यंत मी मागावर बसून राहिलो.

पोरीला मी मोटारीनं आणलं.  घरी आल्याबरोबर तिनं हातातलं बोचकं टाकलं आणि आत गेली. मला वाटलं माग पाहील, धावत येऊन पावड्यांवर नाचेल. तिनं मागाकडे पाहिलंही नाही. चुलीशी गेली, परसात डोकावली, न्हाणीचं दार ढकललं, खाटेखाली वाकून पाहिलं. मग बाहेरच्या खोलीत येऊन दाराच्या चौकटीकडे मान वर केली. तिथं दोन रिकामे खिळे होते.

तिचं तोंड एकदम उतरलं. "बाबा, मायचा बिल्ला कोनाले देल्ला?"

"गिरणीत देल्ला."

"मायकडं नाही ना पाठवला?"

"नाही वं. गिरणीतच देल्ला. काहून?"

तिनं सुटकेचा श्वास सोडला. "मंग ठीक हाय. मले वाटलं तुमी तिच्याकडं पाठवला."

मी पुढे झालो. तिच्यासमोर खाली बसलो. "त्या दिवशी तू माहा बिल्ला काढून देल्ला व्हता?"

तिनं मान हलवली. घाबरली नव्हती. उलट मी इतका मठ्ठ कसा, असं तिच्या डोळ्यांत होतं.

"तुमी मायचा मांगून राहिले व्हते. मायचा देल्ला असता तं तिले आत घेतलं असतं ना देवाच्या घरी. मोठा दरवान असते तिथं, शेजारच्या मावशीनं सांगतलं. बिल्ला नाही तं तो परत पाठवते. मंग मी तुमचा देल्ला. तुमचा नंबर तिचा नाही, तं तिले घेनारच नाही. परत पाठवतीन."

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अजून नाही आली?"

इतके महिने कामठीला ती याच्यासाठी थांबली होती. आजीकडे हट्ट केला नाही, माझ्याकडे यायचं म्हणून रडली नाही. आई परत घरी येणार, बाबा तिथं आहेतच, मग काळजी कशाची? आणि मी तिचा बिल्ला खिडकीतून देऊन, चहा पिऊन घरी आलो होतो.

"नाही आली," मी म्हणालो.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. सुटीचा. पोर उठली आणि पूर्वीसारखी दारात जाऊन उभी राहिली, आई यायची तेव्हा उभी राहायची तशी, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून. मी तिच्यामागे जाऊन उभा राहिलो. रस्ता माणसांनी भरला. मग रिळखात्यातल्या बायका आल्या, केसांत कापूस, पदराच्या गाठींना बिल्ले. पोर एकेकीचं तोंड पाहत होती. तेव्हा मला रडू फुटलं. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम, चौकटीला धरून, रस्त्यावरच्या लोकांनी वळून पाहावं असं. पोरीनं मागे वळून पाहिलं, पण ती दारातून हलली नाही. माझं धोतर मात्र मुठीत घट्ट धरून ठेवलं, की मीही कुठं जाऊ नये.

शेवटची बाई निघून गेली, रस्ता रिकामा झाला, तरी आम्ही दोघं उभे होतो.